सलग पाणी

नाशिकमध्ये पोहणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. माझ्या आजोबांच्या पिढीतली मुलं पाठीला पत्र्याचा डबा बांधून गंगेवर पोहायला शिकली. गोदावरीला आम्ही नाशिककर अजूनही गंगाच म्हणतो. आजही मे महिन्यातल्या दुपारी गोदापात्रातल्या गांधी तलावाकडून गेलं की घाटाच्या कठड्यावरून सूर मारणारी दहा-बारा वर्षांची पोरं दिसतात, आणि त्यांतलं एखादं इतक्या सहज पाणी कापत जातं की बघणाऱ्याचे पाय थबकतात. असं मूल दिसलं की माझ्या मनात हिशेब सुरू होतो. याला आत्ता कोणी नीट हाताशी धरलं तर हे कुठवर जाईल? आणि कुठे थांबेल?

कुठे थांबेल हे मला आधीच सांगता येतं. पहिला थांबा नोव्हेंबरात, पाणी गार पडलं की. दुसरा दहावीत, तिसरा बारावीत. त्यातूनही कोणी निभावलं तर विशी ओलांडताना पोटापाण्याचा प्रश्न आडवा येतो. मी स्वतः तिसऱ्या थांब्यावर उतरले. माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे आणि दर हिवाळ्यात पहिल्या थांब्याशी झगडते आहे. दोघींचं मिळून जे पाहिलं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: पोहणाऱ्याला आपण शाल-श्रीफळ देतो, रोख बक्षीस देतो, सरकारी नोकरीसुद्धा देतो, पण ज्यातून तो घडतो ती सलग वर्षं देत नाही.

हे सलगपणाचं काय एवढं, असं वाटेल, म्हणून जरा खोलात सांगते. पाणी हवेच्या साधारण ८०० पट दाट असतं. धावणारा जमिनीला पाय रेटून पुढे जातो. पोहणाऱ्याला रेटायला पाणीच असतं आणि ते सतत निसटत असतं. हात कोणत्या कोनात आत घालायचा, कोपर कुठे उंच ठेवायचं, बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंतच्या सगळ्या हातावर पाणी कसं घ्यायचं, हे शरीर रोजच्या सरावाने शिकतं आणि सराव सुटला की फार लवकर विसरतं. आमच्या तलावावर याला ‘हाताला पाणी लागणं’ म्हणायचे. तापाने आठ दिवस घरी राहिलेली मुलगी परत आली की दोन लॅप मारून काठाला धरून म्हणायची, ‘सर, पाणी लागत नाहीये.’ ते पुन्हा लागायला आणखी पंधरा दिवस जायचे. मग चार महिन्यांचा खंड पडला तर त्या हातात काय उरत असेल?

मोठ्या पातळीवरची मुलं तेराव्या-चौदाव्या वर्षापासून दिवसातून दोनदा पाण्यात उतरतात. एका सत्राला पाच किलोमीटरच्या आसपास आणि आठवड्याला नऊ-दहा सत्रं धरली तर आठवड्याचे जवळपास ५० किलोमीटर होतात, महिन्याचे २००. दर महिन्याला नाशिकहून पुण्याला पोहत जाण्यासारखंच आहे हे. मायकेल फेल्प्स २००० साली सिडनी ऑलिम्पिकला गेला तेव्हा १५ वर्षांचा होता आणि २०० मीटर बटरफ्लायमध्ये पाचवा आला. आठ वर्षांनी बीजिंगमध्ये त्याने आठ सुवर्णपदकं मिळवली; त्यांतलं १०० मीटर बटरफ्लायचं पदक ०.०१ सेकंदाने. जगाला ती आठ पदकं पाठ आहेत. मला त्याच्या किशोरवयातली ती काही वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, ज्यांत तो रविवारीही आणि नाताळच्या दिवशीही पाण्यात उतरायचा.

आपल्या घरची गोष्ट कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची. २००८ मध्ये तो बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला तेव्हा १६ वर्षांचा होता. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक जिंकलं. त्याआधी १९८६ साली सोलमध्ये खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायचं रौप्यपदक मिळवलं होतं. त्यानंतरच्या २४ वर्षांत आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणाचं एकही पदक नव्हतं. ती रिकामी जागा एकोणीस वर्षांच्या मराठी मुलाने भरली. महाराष्ट्राने त्याचं मनापासून कौतुक केलं आणि त्याला तहसीलदार केलं.

ती बातमी आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. कोणीतरी पोहून तहसीलदार झालं, हे माझ्या बाबांना मी फोन करून सांगितलं होतं. पण तहसीलदाराचं काम कसं असतं ते आपण सगळे जाणतो. महसुलाची वसुली, दाखले, पंचनामे, निवडणुका, मोर्चाचं निवेदन घ्यायला दारात उभं राहणं. सकाळचं सत्र आटोपून जावं आणि संध्याकाळच्या सत्राला परत यावं, अशी ती खुर्चीच नाही. खाडे मधली काही वर्षं स्पर्धेच्या पोहण्यापासून दुरावला. मग जिद्दीने परतला. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत त्याने २२.४७ सेकंदांची वेळ दिली आणि चौथा आला. कांस्यपदक घेणाऱ्या जपानी पोहणाऱ्याची वेळ होती २२.४६. त्या वेगाने जाणारा माणूस ०.०१ सेकंदात साधारण दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. बोटाच्या एका पेराएवढं अंतर.

मधली वर्षं पाण्यात गेली असती तर ते पेर भरून निघालं असतं, असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही. पण जो कधी स्टार्टिंग ब्लॉकवर वाकून शिट्टीची वाट पाहत उभा राहिला आहे, त्याच्या डोक्यातून हा विचार जात नाही. सरकारने एकोणीस वर्षांच्या मुलाला देता येईल ते सर्वांत मोठं बक्षीस दिलं, आणि त्या बक्षिसाने त्याला पाण्याबाहेर काढलं. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, म्हणूनच मला त्यावर जास्त बोलावंसं वाटतं. चांगल्या हेतूने घेतलेला निर्णय सुधारणं आपल्या हातात असतं.

सिंगापूरचं उदाहरण पाहा. तिथे तरुणांना सैन्यसेवा सक्तीची आहे आणि तो नियम फार कडक पाळला जातो. जोसेफ स्कूलिंग नावाच्या मुलाला त्या देशाने ही सेवा पुढे ढकलण्याची मुभा दिली. २०१६ मध्ये रिओला १०० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने ५०.३९ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं, सिंगापूरचं पहिलंच. मागे राहिलेल्या तिघांची वेळ अगदी एकसारखी, ५१.१४, आणि त्या तिघांत फेल्प्स होता. पुढे २०२२ मध्ये स्कूलिंग सैन्यसेवेत रुजू झाला. त्याच्यावरची जबाबदारी कोणी माफ केली नाही, फक्त तिची वेळ बदलली.

आपल्याकडेही हे जमतं, आणि त्याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदलेल्या या मुलाला आधी पाण्याची भीती वाटायची. सैन्यात भरती झाल्यावर त्याच्या हातात वल्हं आलं. २०१६ मध्ये तो रिओला एकेरी नौकानयनात तेरावा आला आणि २०१८ मध्ये जकार्तात चौघांच्या संघातून आशियाई सुवर्णपदक जिंकला. त्याचीही नोकरी सरकारीच होती. फरक एवढाच, की त्या नोकरीत रोज वल्हवणं हीच ड्युटी होती. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि ते राहायलाच हवं. माझी मागणी एवढीच आहे की ज्याचा खेळ अजून चढतीवर आहे त्याला नेमणूक आज द्यावी, पगार सुरू करावा, आणि खुर्चीवर बसायची तारीख त्याच्या अखेरच्या स्पर्धेनंतरची ठेवावी. तोवर त्याचं कार्यालय म्हणजे तलाव.

नोकरीपर्यंत पोहोचतात तरी किती जण? बहुतेक मुलं त्याच्या खूप आधी गळतात. माझं सांगते. मी बटरफ्लाय पोहायचे. बाबा पहाटे साडेचारला स्कूटर काढायचे. हिवाळ्यात त्यांच्या मफलरचं एक टोक माझ्या तोंडाभोवती असायचं. बारावीच्या वर्षी राज्य स्पर्धा आणि प्रॅक्टिकल एकाच आठवड्यात आली. कॉलेजने बाबांना बोलावून हजेरीचा कागद समोर ठेवला आणि दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं. बाबा तिथे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी माझी टोपी, गॉगल आणि किकबोर्ड जुन्या चादरीत बांधून माळ्यावर ठेवला. ‘वर्षभरासाठी’ म्हणाले. ते गाठोडं मी वीस वर्षांनी सोडलं, माझ्या मुलीसाठी. तोवर गॉगलचं रबर विरघळून चादरीला चिकटलं होतं.

खेळाडूंना क्रीडागुण मिळतात. चांगली गोष्ट आहे, पण ते गुण खेळून झाल्यावरचे आहेत. खेळत असताना मुलाला लागतो तो वेळ. सीबीएसईने राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या तारखा परीक्षेशी जुळल्या तर नंतर पेपर देण्याची सोय केली आहे. त्यापुढचा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. तिथे विषय एकेक करून पाच वर्षांपर्यंत सोडवता येतात. आणि पदवीसाठी तर आम्हा नाशिककरांना गावाबाहेरही जायला नको. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं आहे. कामगार, शेतकरी, संसारात अडकलेल्या बायका यांना शिकता यावं म्हणून ते काढलं. दिवसाचे पाच-सहा तास पाण्यात आणि जिममध्ये घालवणारी अठरा वर्षांची मुलगी हीसुद्धा कामकरीच आहे. पण ‘मुक्त’ म्हटलं की आपल्याकडे नापासांची शाळा असा अर्थ घेतात. पालकांच्या मनातला हा अर्थ बदलायला हवा, आणि त्यासाठी त्या विद्यापीठाने खेळाडूंसाठी खास अभ्यासक्रम आणि सवडीच्या परीक्षा उघडपणे जाहीर कराव्यात. कॉलेज रोडवरच्या क्लासचं वेळापत्रक आणि तलावाचं वेळापत्रक यांत आज सरळ टक्कर आहे, आणि ती दरवेळी तलावच हरतो.

मुलींच्या वाट्याला आणखी एक थांबा येतो, त्याबद्दल घरातसुद्धा कुजबुजूनच बोललं जातं. बारा-तेराव्या वर्षी शरीर बदलतं. वजन वाढतं, तोल बदलतो, पाण्यातली ठेवण बदलते आणि वर्ष-दीड वर्ष टायमिंग जागचं हलत नाही. कधी मागेही जातं. त्याच वेळी पाळी सुरू होते, आणि त्याच वेळी एखादी मावशी, एखादी काकू विचारते, ‘अजून पोहायला पाठवता?’ आईबापांना वाटतं, हिचं आता संपलं. खरं तर नव्या शरीराला पाणी नव्याने लागायचं असतं आणि त्यासाठी फक्त थोडी कळ काढायची असते. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं १०० मीटरचं टायमिंग आठ महिने तिथेच अडकलं होतं. मी तिला एवढंच सांगितलं, घड्याळाकडे बघू नकोस, यायचं मात्र रोज. नवव्या महिन्यात ते सुटलं. तिच्या बॅचमधल्या दोघी तोवर सोडून गेल्या होत्या.

आता पहिल्या थांब्याकडे येते, कारण तो सोडवणं सर्वांत सोपं आहे आणि पूर्णपणे आपल्या शहराच्या हातात आहे. नाशिकच्या किती पिढ्या त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात आणि नाशिकरोडच्या जिजाऊ तलावात पोहायला शिकल्या! महापालिकेने हे तलाव बांधले नसते तर माझ्यासारख्या घरातल्या मुलीला पन्नास रुपयांचा स्विमिंग कॉस्च्युमही मिळाला नसता. त्यामुळे मी हे कृतज्ञतेने लिहिते आहे. पण शिकवण्यासाठी बांधलेला तलाव आणि सरावासाठी चालवलेला तलाव यांत फरक असतो. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश ठेवावं लागतं. नाशिकला जानेवारीच्या पहाटे हवाच दहा अंशांखाली उतरते. उघड्या तलावातलं पाणी तेव्हा हाडांपर्यंत जातं. बोटं निळी पडतात आणि श्वास लागतो. आखडलेल्या खांद्यांनी पोहल्यावर दुखापत ठरलेलीच. मुलं यायची थांबतात, मग येणारं कोणी नाही म्हणून पहाटेची बॅच बंद होते, आणि फेब्रुवारी संपेस्तोवर हातातलं पाणी गेलेलं असतं. एका तलावावर तर आम्हाला तीन महिने ‘दुरुस्ती’ची पाटी पाहून परत यावं लागलं होतं, आणि त्या तीन महिन्यांत आत कोणी फिरकलेलं दिसलं नाही.

थंडीला आपण हरतो असं मात्र नाही. निफाडला पारा घसरला की द्राक्षबागायतदार रात्रभर जागतात. बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात, कारण एका थंड रात्रीत मणी तडकले तर वर्ष गेलं. घडाची एवढी काळजी घेणारा हा जिल्हा आहे. तलावासाठी रात्री पाण्यावर पसरायचं जाड आच्छादन आणि पाणी तापवण्याचं यंत्र एवढं पुरतं. आच्छादनाने दिवसाची ऊब रात्री उडून जात नाही आणि वाफ होऊन जाणारं पाणीही वाचतं.

पाण्याचा विषय निघाला की नाशिकमध्ये आवाज चढतात, आणि ते बरोबरच आहे. गंगापूर-दारणेचं पाणी जायकवाडीला सोडायचं की नाही यावर जिथे दरवर्षी वाद होतो, तिथे काही मुलांच्या पोहण्यासाठी तलाव बारमाही भरलेला ठेवा, असं सांगताना मीही चाचरते. पण तलाव रोज रिकामा करून भरत नाहीत. तेच पाणी गाळणी यंत्रातून फिरत राहतं. भर घालावी लागते ती वाफेची आणि यंत्र धुताना जाणाऱ्या पाण्याची. गाळणी बिघडलेली ठेवून पाणी हिरवं झाल्यावर सगळा तलाव उपसणं, यात खरी नासाडी आहे. चालू तलावापेक्षा बंद पडलेला तलाव महाग पडतो.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. मूठभर मुलांसाठी शहराने खर्च का करावा? बहुतेक मुलं आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचणार नाहीत. माझी मुलगीही कदाचित पोहोचणार नाही, हे मी तिला कधी लपवलेलं नाही. सजन प्रकाश आणि श्रीहरी नटराज यांनी टोकियो ऑलिम्पिकची ‘ए’ पात्रता वेळ, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठली ती २०२१ मध्ये. तोवर एकाही भारतीय जलतरणपटूला ती गाठता आली नव्हती. शिखर एवढं उंच आहे. पण दहा वर्षं पाण्यात काढलेलं मूल शिखरावर गेलं नाही तरी वाया जात नाही. सोमेश्वरला, धरणांच्या फुगवट्यात, घाटावर दरवर्षी कोणाचं तरी मूल बुडतं. पट्टीच्या पोहणाऱ्याला धार ओळखता येते, बुडणाऱ्याला मागून कसं धरायचं ते येतं. २०२७ ला सिंहस्थ आहे. गोदाकाठी लाखो माणसं पाण्यात उतरतील आणि तेव्हा आपल्याला जीवरक्षक बाहेरून शोधावे लागतील की आपल्याच तलावांतून मिळतील, हे आजच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचं आपण काय करतो त्यावर ठरेल. शर्यती संपलेल्या पोहणाऱ्याला प्रशिक्षक म्हणून कायम, पूर्ण पगाराची जागा दिली तर गांधी तलावाच्या कठड्यावरच्या त्या पोरांना हात धरून लेनमध्ये आणणारा माणूसही मिळेल. धावण्यात हेच घडलं. कविता राऊतला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्यपदक मिळालं आणि तिच्यामागून त्र्यंबक-पेठच्या पाड्यांवरच्या पोरी धावू लागल्या. धावायला रस्ता कोणी बंद करत नाही, एवढी सवलत त्यांना होती.

पोहणाऱ्याला ती नाही, म्हणून घरंच्या घरं उठून बेंगळुरूला जातात. खाडेही सरावासाठी तिथेच गेला होता. तिथे वर्षभर चालणारे तलाव आहेत, वर्षानुवर्षं त्याच काठावर उभे राहिलेले प्रशिक्षक आहेत. पॅरिस ऑलिम्पिकला भारताकडून गेलेली चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू त्याच शहरातली. नाशिकच्या मुलीला तिथे पाठवायचं म्हणजे आईने नोकरी सोडायची, परगावी खोली घ्यायची आणि घराचे दोन तुकडे करायचे. ज्यांना परवडतं ते करतात. गंगेवर सूर मारणाऱ्या पोराच्या आईला ते कधीच परवडणार नाही, आणि माझ्या मते पाणी हाताला लागलेली सगळ्यात जास्त मुलं त्याच घरांत आहेत.

आम्ही काही पालकांनी मिळून एक अर्ज लिहिला आहे. दोन लेन, पहाटे पाच ते सात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखंड. रात्रीचं आच्छादन पसरायचं आणि गुंडाळायचं काम पालक आळीपाळीने करतील, असं त्यात लिहून दिलं आहे. दोन्ही लेनमध्ये निम्म्या जागा महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी, विनाशुल्क. त्यांचा खर्च बाकीचे वाटून घेतील. अर्ज दिवाळीच्या आधी द्यायचा आहे. वाचायचा असेल किंवा सही करायची असेल तर तलावाच्या गेटपाशी या. पावणेपाचपासून आम्ही तिथेच असतो.